सापाच्या पेटीतला वाफसा : बेळगाव भागात ओल धरणारा सबस्ट्रेट (पेटीच्या तळाचा थर) कसा निवडावा, कसा तयार करावा

सापाची कात नीट निघाली तर ती उलट्या काढलेल्या मोज्यासारखी, तोंडापासून शेपटीपर्यंत अखंड निघते. डोळ्यांवरच्या दोन गोल चकत्यासुद्धा त्यात दिसतात. माझ्या बॉल पायथनची, शेवंतीची, पहिल्या उन्हाळ्यातली कात १४ तुकड्यांत निघाली. शेपटीच्या टोकाला अंगठीसारखं एक वेटोळं अडकून राहिलं आणि डाव्या डोळ्यावरची चकती सुटलीच नाही. एप्रिल होता. पेटीतल्या मीटरवर आर्द्रता २८ टक्के दिसत होती आणि मी दिवसातून चार वेळा स्प्रेनं पाणी मारत होते.

खानापूरचा मामा त्याच आठवड्यात घरी आला होता. तो भात लावतो, सापाशी त्याचा संबंध बांधावर दिसला तेवढाच. मला फवारताना बघून म्हणाला, "अगं, असं शिंपडून काय होतंय? वरची माती भिजतीया, खालची कोरडीच खडखडीत. वाफसा कुठं हाय ह्याच्यात?"

वाफसा हा शब्द शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. जमिनीत ओल आहे, पण चिखल नाही, कणाकणांत हवा खेळते आहे, ती अवस्था म्हणजे वाफसा. सापाच्या पेटीतही नेमकी हीच अवस्था लागते. खाली ओल, वर कोरडं आणि मध्ये हवा. पुढे जे सांगणार आहे ते सगळं यासाठीच.

आधी कायद्याचं

हा लेख परदेशी जातींच्या, कागदपत्रं असलेल्या सापांसाठी आहे. आपल्या भागातला कुठलाही साप, म्हणजे नाग, धामण, अजगर, मांडूळ, अगदी निरुपद्रवी दिवडसुद्धा, घरात पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणून २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणारा "कागदाचं नंतर बघू" म्हणाला तर तिथून साप घेऊ नका.

वारुळाची हवा

बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ माळांवरचा. माळ उन्हाळ्यात करपलेला असतो, म्हणून पुष्कळांना वाटतं की या सापाला कोरडं चालत असेल. पण दिवसा तो माळावर नसतोच. उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो, आणि जमिनीखालची हवा दमट असते. आपल्याला पेटीत त्या वारुळातली हवा आणायची आहे.

आकडे असे लक्षात ठेवा: रोजची आर्द्रता ५५ ते ६५ टक्के, कात टाकायच्या दिवसांत ७० ते ८०. उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार बाजूला २५ ते २७. मक्याच्या दाण्यांसारखी पोटाची नक्षी असलेला कॉर्न स्नेक असेल तर ४० ते ५५ टक्के पुरे. त्याच्यासाठी इथली मिश्रणं बरीच कोरडी ठेवायची.

पहिलं काम : मीटर तपासा

काट्याचा गोल मीटर घेऊ नका. तारेला सेन्सर असलेले दोन डिजिटल मीटर घ्या, एक उबदार बाजूला, एक गार बाजूला, दोन्ही सापाच्या उंचीवर, म्हणजे थरापासून चार बोटं वर. छताजवळ लावलेला मीटर छताजवळची हवा सांगतो, आणि तिथं साप राहत नाही.

मीटर बरोबर आहे का हे घरच्या मिठानं कळतं. बाटलीच्या झाकणात खडेमीठ घ्या, त्यात थोडंच पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत १२ तास एकत्र ठेवा. मीठ मीटरला चिकटू देऊ नका. साध्या खोलीच्या तापमानाला आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ६९ दाखवत असेल तर तो ६ नं कमी दाखवतो. पेन्सिलनं त्याच्या पाठीवर "+६" लिहून टाका.

दुसरं : आपला तालुका आणि आपला महिना ओळखा

परदेशी व्हिडिओत सांगितलेलं मिश्रण जसंच्या तसं इथं उचलता येत नाही. कारण एका बेळगाव जिल्ह्यातच तीन हवा आहेत. कणकुंबी-जांबोटीकडे, जिथं मलप्रभा उगम पावते, पावसाळ्यात भिंतींना ओल सुटते आणि कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. तिथून पूर्वेला अथणी-रायबागकडे जावं तर श्रावणातही धूळ उडालेली दिसते. बेळगाव शहर आणि निपाणी या दोन्हींच्या मधे. कारवारला समुद्रामुळे वर्षभर दमट, आणि बिदर-भालकीकडे उन्हाळा कोरडा रखरखीत. म्हणून कारवारच्या मित्रानं सांगितलेला थर अथण्यात चालत नाही.

माझ्या बेळगावच्या शहापुरातल्या खोलीत एप्रिलच्या दुपारी मीटर २५ ते ३० दाखवतो, वळवाचा पाऊस पडून गेला की संध्याकाळपुरता वर उडी मारतो, आणि जुलै-ऑगस्टात ८५ च्या खाली येत नाही. एकाच थरानं हे दोन्ही महिने काढता येत नाहीत, हे मला दोन वर्षं लागली समजायला.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जण ध्यानात घेतात. पेटीला ऊब देणारा दिवा हवेतली वाफ घालवत नाही, पण हवा तापली की तिची ओल धरायची ताकद वाढते आणि टक्का घसरतो. २५ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली तर तोच मीटर ४० दाखवतो. पाणी तेवढंच आहे. उलट रात्री दिवा बंद झाला की टक्का आपोआप चढतो. त्यामुळे पहाटेचा आकडा बघून खूश होऊ नका. दुपारी तीनचा आणि पहाटेचा, दोन्ही आठवडाभर वहीत लिहा. मगच थर निवडा.

तिसरं : झाकण

जाळीचं झाकण असेल तर कितीही चांगला सबस्ट्रेट घाला, ओल वरून निघून जाते. जाळीचा दोन तृतीयांश भाग ॲक्रिलिकनं किंवा दिव्यापासून लांबच्या बाजूला ॲल्युमिनियम फॉइलनं झाका. सगळा झाकू नका, हवा कोंडली की बुरशी ठरलेली. प्लायवूडची पेटी असेल तर आतले सांधे ॲक्वेरियमच्या सिलिकॉननं बुजवून, पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात देऊन, वास पूर्ण जाईपर्यंत आठवडा-दोन आठवडे उघडी ठेवा. कच्चं लाकूड ओल पितं आणि फुगतं.

चौथं : काय घ्यायचं, काय नाही

कोकोपीट हा आपल्याकडचा सगळ्यात सोयीचा पर्याय. तिपटूर-तुमकूरचा नारळाचा पट्टा आपल्याच राज्यात आहे, त्यामुळे ठोकळे कुठल्याही नर्सरीत मिळतात. ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं आणि हळूहळू सोडतं. दोष दोन. पूर्ण वाळलं की त्याची पूड नाकातोंडात जाते, आणि नुसतं वापरलं तर दाबून बसतं, मग हवा खेळत नाही.

म्हणून त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे घालायचे, ज्यांना नर्सरीवाले कोको चिप्स म्हणतात. ऑर्किडसाठी विकतात तेच. नखाएवढे ते अंगठ्याएवढे तुकडे चांगले. ते थरात पोकळ्या ठेवतात आणि वरून पसरले तर लवकर वाळतात.

लाल माती, खानापूरकडची जांभ्याची, थोडी घातली की थराला वजन येतं आणि सापानं उकरलेलं बीळ ढासळत नाही. रस्त्याकडेची किंवा फवारणी केलेल्या शेतातली माती नको. काळी माती तर नकोच. आपली काळी जमीन ज्वारी-हरभऱ्याला सोनं असेल, पेटीत ती ओली झाली की अंगाला चिकटते आणि वाळली की भेगाळते.

स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, महाग असतं, पण ते पूर्ण पेटीत नको, फक्त ओल्या गुहेत. त्याबद्दल पुढे येतं.

आता जे नको ते. सॉ-मिलमधला भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. कुठलं लाकूड कापलं हे कळत नाही, आणि देवदार-पाईनसारख्या वासाच्या लाकडातली तेलं सापाच्या फुप्फुसाला घातक. निलगिरीची सालं-पानंही याच कारणानं बाद, आपल्याकडे ती कितीही पडलेली असोत. भाताचं तूस पाणी धरत नाही आणि टोचतं. उसाची चिपाडं आंबतात. शेंगांच्या टरफलांना ओल लागली की चार दिवसांत बुरशी. काजूच्या टरफलांच्या तेलानं माणसाचा हात भाजतो, सापाच्या पोटाचं काय होईल.

आणि निपाणीकडच्या वाचकांना हात जोडून सांगते: तंबाखूच्या वखारीतली पोती, किलतान, काड्या, चुरा यातलं काहीही पेटीजवळसुद्धा आणू नका, धुऊनही नाही. निकोटिन कातडीतून शरीरात शिरतं. किलतान पेटीखाली घालायचा विचार एका ओळखीच्या पोरानं माझ्यासमोर बोलून दाखवला होता, म्हणून हे लिहिते आहे.

नवीन साप घरी आला असेल तर यातलं काहीच घालू नका. पहिले ४० ते ६० दिवस नुसता वर्तमानपत्राचा कागद. त्यावर गोचिडीसारखे बारीक काळे माइट्स आणि विष्ठा लगेच दिसतात. या काळात ओल फक्त गुहेतून द्यायची.

पाचवं : कोकोपीट धुणं

इथं घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. सोडणं कित्येकदा खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतात, त्यामुळे कोकोपीटमध्ये मीठ राहतं. मी पहिला ठोकळा न धुता घातला होता. पंधरा दिवसांनी काचेच्या कडेला पांढरी रेघ उमटली, तीच ती.

५ किलोचा ठोकळा मोठ्या टबात ठेवा आणि कोमट पाणी थोडं थोडं ओता. २० ते २५ लिटर पाणी पिऊन तो ६५ ते ७५ लिटर होतो. ४ फूट बाय २ फूट पेटीत १० सेंटिमीटरचा थर म्हणजे साधारण ७२ लिटर, तेव्हा एक ठोकळा बरोबर पुरतो, मिश्रण केलं तर थोडा उरतो. फुगल्यावर ते जुन्या सुती साडीत किंवा धोतराच्या तुकड्यात भरून स्वच्छ पाण्यात बुडवा, ढवळा, पिळा. तीन वेळा. घरात आरओच्या पाण्याचा टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, असेल तर पिळून निघालेलं पाणी मोजा. ते नळाच्या पाण्याच्या जवळपास आलं की मीठ गेलं.

मग गच्चीवर ताडपत्रीवर पसरा. उन्हाळ्यात अर्धा दिवस, थंडीत दोन दिवस. सारखं हलवत राहा आणि मूठ बघा.

मुठीची परीक्षा मामानं शिकवली तीच. मूठभर घ्यायचं, घट्ट आवळायचं. बोटांमधून पाणी ठिबकलं तर अजून चिखल आहे. मूठ उघडताच भुरभुरलं तर जास्त वाळलं. लाडू राहिला, आणि अंगठ्यानं हलकं टोचताच फुटला, तर वाफसा. तळव्यावर गारवा जाणवतो, ओलेपणा नाही. हे दोन-चार वेळा केलं की हाताला कळायला लागतं, मग मीटरची वाट बघावी लागत नाही.

माती वेगळी तयार करा. चाळून, ओलसर करून, काळ्या प्लास्टिकखाली एप्रिल-मेच्या उन्हात आठवडाभर झाकून ठेवा. वाळवी, मुंग्या, अंडी बरीचशी मरतात. पानं हवी असतील तर देशी बदामाची किंवा फणसाची गळलेली घ्या, १० मिनिटं उकळा, कडक वाळवा. कण्हेर आणि रुई लांब ठेवा.

सहावं : थर लावणं

माझं प्रमाण असं: कोकोपीट ३ वाटे, कोको चिप्स १ वाटा, लाल माती १ वाटा. अथणी, बिदरकडे चिप्स अर्धा वाटा करा. खानापूर, कारवारकडे चिप्स २ वाटे आणि माती वगळली तरी चालेल.

खाली हे मिश्रण ७ ते ८ सेंटिमीटर, हलकं दाबून. वर २ ते ३ सेंटिमीटर कोरड्या कोको चिप्स. त्यावर पानं विखरायची. सापाचं पोट नेहमी या वरच्या कोरड्या थरावर राहतं, हाच या रचनेचा जीव आहे. ७२ लिटर ओलसर थराचं वजन २५ ते ३० किलो होतं, तेव्हा स्टँड आधी तपासा.

हीटिंग मॅट पेटीखाली असेल तर थांबा. जाड थराखाली उष्णता कोंडते, वर पोहोचत नाही, आणि साप उकरत खाली गेला तर पोट भाजून घेतो. सापाला वेळेवर कळत नाही की आपण भाजतोय. जाड थर ठेवायचा तर ऊब वरून द्या, सिरॅमिक हीटर किंवा हॅलोजननं, जाळीचा पिंजरा आणि थर्मोस्टॅट लावून. थर्मोस्टॅटशिवाय काहीच चालू करू नका.

पाणी कसं घालायचं? फवारायचं नाही. चारही कोपऱ्यांत, चिप्स बाजूला सारून, काचेच्या कडेनं कोमट पाणी हळू ओतायचं, तळापर्यंत जाऊ द्यायचं. माझ्या पेटीला फेब्रुवारी ते मे दर ८ ते १० दिवसांनी पाऊण ते एक लिटर लागतं. ओतलं की दुसऱ्या दिवशी काचेतून बघा: तळाशी पाणी उभं दिसलं तर जास्त झालं, तळचा थर गडद आणि वरचा फिका दिसला तर बरोबर. फवारणीनं मीटर तासाभरासाठी ८० वर जातो आणि परत पडतो, वर सापाचं पोट ओलं ते ओलंच.

ओली गुहा, खानापूरच्या मडक्याची

खानापूरची मातीची भांडी आपल्याकडे प्रसिद्ध आहेत, तिथं कुंभारकामाचं शिक्षणही दिलं जातं. झिलई न दिलेलं, तोंड अरुंद नसलेलं एक मडकं आणा. साप वेटोळं घालून आत अंग टेकवून बसला पाहिजे, फार मोठं नको. साप आत-बाहेर करील एवढी दारासारखी फट करून तिची कड दगडानं आणि पॉलिश पेपरनं बोट फिरवलं तर खरचटणार नाही इतकी गुळगुळीत करा. मडकं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी पालथं घालून उबदार आणि गार बाजूच्या मधोमध ठेवा. आत पिळलेलं स्फॅग्नम मॉस. मडक्याच्या भिंती पाणी सोडत राहतात, आतली हवा ८० च्या आसपास राहते आणि बाकीची पेटी कोरडी.

सापाचे डोळे दुधाळ निळे झाले, पोट गुलाबी दिसायला लागलं की मॉस ओलं करा. डोळे पुन्हा साफ झाल्यावर काही दिवसांत कात निघते. शेवंती त्या दिवसांत मडक्यातून फक्त नाकाचं टोक बाहेर काढते. या पद्धतीनं गेल्या पाच काती अखंड निघाल्या.

तरीही तुकडा अडकलाच, तर ओढू नका. कोमट, ओल्या टॉवेलमध्ये २० मिनिटं त्याला हिंडू द्या. डोळ्याच्या चकतीला नख किंवा चिमटा लावायचा नाही, डोळाच जाऊ शकतो. पुढच्या कातीतही ती सुटली नाही तर पशुवैद्य. शेपटीवरच्या वेटोळ्यासाठी मात्र पुढच्या कातीपर्यंत थांबू नका, ते रक्तपुरवठा आवळतं.

पावसाळ्यात सगळं उलटं

मृगाच्या आसपास पाणी ओतणं बंद. तळचा थर ४ सेंटिमीटरवर आणा, कोरड्या चिप्स वाढवा, झाकणावरचा फॉइल काढा. हवेतच इतकी ओल असते की पेटी ७० वर टिकते. वरचा थर कोरडा असेल तर ७० ते ७५ नं काही बिघडत नाही. बिघडतं ते ओल्यावर पोट टेकून राहिल्यानं. पोटाच्या खवल्यांवर तांबूस-तपकिरी डाग, बारीक फोड, त्याला स्केल रॉट म्हणतात. डाग दिसला की सगळा थर काढून कागदावर आणा आणि वैद्य गाठा. तोंड उघडून श्वास, शिट्टीसारखा आवाज, नाकाशी बुडबुडे दिसले तर एक दिवससुद्धा थांबू नका. साप तपासणारा पशुवैद्य आधीच शोधून त्याचा नंबर पेटीवर चिकटवून ठेवा, कारण प्रत्येक गावात तो नसतो.

वीज गेली की पेटी गार होते आणि टक्का चढतो. गार आणि ओलं हे सगळ्यात वाईट जोडपं. आमच्याकडे पावसात लाईट जातेच, म्हणून मी इन्व्हर्टरवर सिरॅमिक हीटर जोडलाय. ते नसेल तर गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून गुहेला लागून ठेवा.

साफसफाई

विष्ठा दिसली की त्याभोवतीचा मूठभर थर लगेच उचला. युरेट्स, म्हणजे तो पांढरा खडू, खाली झिरपलेला असतो, तेव्हा बोटभर खोल जा. पांढरा बुरशीचा ठिपका काढून टाका आणि त्या कोपऱ्यात पाणी कमी करा. मातीचा, पावसानंतरच्या जमिनीसारखा वास आला तर थर जिवंत आहे. आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर महिना मोजत बसू नका, सगळा बदला. एरवी तीन-चार महिन्यांनी पूर्ण बदल पुरतो. मी शिवरात्रीनंतर, मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास करते, म्हणजे हवा बदलते तेव्हाच थरही बदलतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा आजार पसरवणारा जिवाणू असू शकतो. पेटीचं काम झालं की साबणानं हात, आणि थर धुवायचा टब स्वयंपाकघरापासून वेगळा. जुना थर मी जास्वंदीच्या कुंडीत घालते, कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात कधीच नाही.